शेहेचाळीस नंबरचा कॉलम

ऑफिसातले किस्से घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण एक दिवस कपाट उघडावं तर सगळ्या अंगावर येतात. आमचं सर्वेक्षण केंद्र बंद पडलं त्यालाही आता दोन वर्षं झाली. तरी महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही चौघं इंदिरानगरला माझ्या घरी जमतो, आणि मी चहाचं आधण ठेवायच्या आत कोणीतरी "मॅडम, ते आठवतं का" म्हणून सुरू करतोच.

चौघं म्हणजे कोण ते आधी सांगते. गायधनी सर आमचे संचालक. राहणार पंचवटी, कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. खैरनार सटाण्याचा, डेटा एंट्रीला लागला आणि हळूहळू माझा असिस्टंट झाला. नामदेव भोये पेठ तालुक्यातल्या करंजपाड्याचा, गावोगाव हिंडून फॉर्म भरून आणणारा. आणि मी प्रोग्रॅमर. ऑफिसात एकच बाई, त्यामुळे मॅडम म्हटलं की मीच.

काम सांगायला सोपं होतं. घरोघरी जाऊन एकशे अठरा प्रश्न विचारायचे आणि उत्तरं कॉम्प्युटरमध्ये भरायची. प्रत्येक घराची एक आडवी ओळ, प्रत्येक प्रश्नाचा एक उभा कॉलम. मग मी प्रोग्रॅम लिहायची: हे कॉलम ठेव, बाकीचे काढ. त्यातून गाववार सरासरी काढून दर तालुक्याचं तेरा कॉलमांचं टेबल व्हायचं आणि ते वरच्या ऑफिसला जायचं. थोडक्यात, लोकांनी दिलेली बहुतेक उत्तरं टाकून देण्याचा मला दरमहा पगार मिळत होता.

* * *

तेराच का, हा प्रश्न नवीन आलेला प्रत्येक माणूस विचारायचा. त्याचं उत्तर भिंतीवरच्या पाटीत होतं: "टेबलात कॉलम तेराच. आज्ञेवरून." पण पाटी का लागली ते फक्त आम्हाला माहीत होतं.

पहिल्या वर्षी टेबलात चौदा कॉलम होते. कागद आडवा घातला तरी आमच्या प्रिंटरला तेराच मावायचे. चौदावा त्याने मुकाट्याने दुसऱ्या पानावर छापला. वर ना गावाचं नाव, ना प्रश्नाचं, नुसते आकडे एकाखाली एक. वरच्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये साहेबांनी नेमकं तेच पान उचललं, चष्मा वर केला आणि भर सभेत सरांना विचारलं, "गायधनी, हे मटक्याचे आकडे तुमच्या फायलीत कसे?"

सर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाटी लागली.

या तेरांमध्येही पहिला कॉलम गावाच्या नावाचा आणि तेरावा राखीव. तेरावा म्हणजे गायधनी निर्देशांक. बाकीच्या आकड्यांना गुणून, भागून, वर्गमूळ घेऊन गावाची सगळी प्रगती एका आकड्यात सांगायची, अशी सरांची स्वतःची करामत. तो कसा काढायचा हे सर तीन तासांत समजावून सांगत. मला तो प्रोग्रॅममध्ये लिहिता यायचा, कळला मात्र कधीच नाही. उरले मधले अकरा. त्यात अख्ख्या तालुक्याचं जगणं बसवायचं.

आणि त्या अकरांत शिरायला रांग. कोणाला पक्क्या रस्त्याचा कॉलम हवा असायचा, कोणाला दुकानांचा. एका पुढाऱ्याने माणूस पाठवला की आमच्या साहेबांच्या गावात दूरदर्शन संच जास्त आहेत, तेवढा कॉलम घ्या. आम्ही घेतला.

भोयेचं मागणं एकच होतं. प्रश्न शेहेचाळीस: पिण्याचं पाणी आणायला जाऊन-येऊन किती मिनिटं लागतात? तेव्हा तालुक्याला वर्षाला एक विहीर मंजूर व्हायची, ती आमच्या टेबलावरून. टेबलात पाण्याचा कॉलम असला तर ज्याचं पाणी सगळ्यांत लांब त्या गावाला, नसला तर साहेबांना सुचेल त्या गावाला. भोयेची बायको यशोदा उन्हाळ्यात डोंगर उतरून झऱ्यावर रोज दोन खेपा करायची. त्यामुळे फॉर्मचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला की तो दरवर्षी तेच म्हणायचा, "मॅडम, तेवढं शेचाळीस नंबरचं ऱ्हाऊ द्या."

* * *

पहिल्या वर्षी मात्र ते राहिलं नाही ते भोयेमुळेच. पेठच्या सगळ्या फॉर्मांवर मिनिटांच्या चौकटीत त्याने शब्दांत लिहिलं होतं: लय लांब.

खैरनारने तेव्हा प्रोग्रॅममध्ये एक हुशारी करून ठेवली होती. ज्या कॉलममध्ये निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या, तो आपोआप बाद. मिनिटांच्या कॉलममध्ये मशीनला आकडा लागतो, "लय लांब" हे त्याने रिकामं धरलं. कॉलम गेला. विहीर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, जिथे आधीच दोन होत्या.

मी भोयेला समजावलं, "अहो, मशीनला लांब कळत नाही. मिनिटं कळतात."

"मंग मशीनला एकदा आमच्याकडं घेऊन चला, मॅडम," भोये म्हणाला. "हंडा आम्ही देतो."

पुढच्या वर्षी त्याने भावाचं घड्याळ उसनं घेतलं आणि यशोदाबाईंच्या मागोमाग झऱ्यावर जाऊन आला. उतरणं, नंबर लावणं, वाटीने हंडा भरणं, चढणं. एकशेदहा मिनिटं. तिथून पुढे त्याच्या फॉर्मवर पाण्याचा आकडा इतका नीट यायला लागला की एंट्री करताना खैरनारही तेवढ्या चौकटीपाशी जरा थांबायचा.

पण त्या वर्षी दूरदर्शन संचांचा कॉलम आला होता, हे मी वर सांगितलंच आहे.

* * *

खैरनारला कॉलम नावाने बोलवायचा कंटाळा. "मॅडम, नाव टाइप करण्यात टाइम जातो. नंबर बराबर शे," असं अहिराणी वळणाने म्हणून तो लिहायचा: चौथा ठेव, नववा ठेव, बारावा ठेव. चौथा म्हणजे वय.

एका वर्षी सरांनी फॉर्मच्या सुरुवातीलाच त्या वर्षापुरता एक नवा प्रश्न घातला आणि सगळे कॉलम एकेक घर पुढे सरकले. वय गेलं पाचव्या जागी. चौथ्या जागी आला घर क्रमांक. खैरनारचा प्रोग्रॅम गेल्या वर्षीचाच. त्याने इमानेइतबारे घर क्रमांकांची सरासरी काढली आणि वर मथळा दिला: सरासरी वय.

गंमत अशी की लहान गावांत साठ-सत्तर घरं, त्यांची सरासरी तीस-पस्तीस. अगदी शोभणारं वय. मी तपासलं, सरांनी तपासलं, कोणालाच काही खटकलं नाही. घोळ केला तो निफाडकडच्या एका मोठ्या गावाने. तिथे घरं चारशेच्या वर.

सरांनी त्या आकड्यावर दोन दिवस विचार केला आणि रिपोर्टात स्वतःच्या हाताने तळटीप लिहिली: "सदर गावी हवापाणी उत्तम असल्याने आयुर्मान अधिक."

पंचवटीतल्या प्रेसमध्ये मी प्रुफं आणायला गेले तेव्हा प्रेसचे मालक गल्ल्यावरून उठून बाहेर आले. कागद माझ्या हातात देत हळूच म्हणाले, "मॅडम, त्या गावात सरासरी वय दोनशेसहा आहे. आमची मुलगी तिथेच दिलीय. सासूबाई अजून किती वर्षं असतील?"

* * *

त्याच खैरनारचा दुसरा पराक्रम. आमच्या कॉम्प्युटरच्या पॅकेजमध्ये नुसती कॉलमांची नावं लिहिली की तेवढेच कॉलम राहतात, आणि नावांच्या यादीआधी वजाचं चिन्ह टाकलं की तेवढे जातात. एका बियाण्याच्या कंपनीने पैसे भरून शेतकऱ्यांची मतं गोळा करून घेतली होती. उत्तरं कोणी दिली ते गुप्त ठेवायचं, असं आम्ही प्रत्येक शेतकऱ्याला सांगितलं होतं. म्हणून फ्लॉपी देण्याआधी तीन कॉलम काढायचे होते: नाव, गाव आणि फोन.

खैरनारने या वेळी नंबर सोडून तिन्ही नावं बरोबर लिहिली. वजा राहिलं.

फ्लॉपी गेली, आणि चार दिवसांनी मला ते कळलं. साठ प्रश्नांची मतं सगळी गायब, आणि जे लपवायचं नेमकं तेच तीन कॉलम कंपनीच्या हातात. सरांनी माफीचं पत्र लिहायला घेतलं. "महोदय" इथपर्यंत आले असतील, तेवढ्यात कंपनीच्या मॅनेजरचाच फोन. सर उभे राहून ऐकत होते. बराच वेळ नुसतं "हो, हो" चाललं होतं. मग त्यांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले.

"काय म्हणाले, सर?"

"म्हणाले, इतका उपयोगी रिपोर्ट आजवर कुणी दिला नव्हता. पुढच्या वर्षीही असाच सुटसुटीत द्या."

त्यानंतर भोये कुठल्याही बांधावर फॉर्म घेऊन गेला की लोक प्रश्न ऐकायच्या आधीच सांगायचे, "बियाण्याची पिशवी आताच घेतली बाबा, आता नको." मला अजूनही त्याची लाज वाटते. खैरनारला मात्र त्या कंपनीकडून दिवाळीला डायरी आली.

* * *

सर, हे वाचत असाल तर एवढा तुकडा सोडून पुढे जा.

एकदा मी स्वतः वरच्या ऑफिसात टेबलं पोचवायला गेले. तिथले कारकून आमचं टेबल झेरॉक्स करून सगळ्या साहेबांना वाटायचे. त्यांचं मशीन जुनं, कागद उजवीकडून बोटभर कापूनच छापायचं. मी एक प्रत हातात घेतली आणि पाहिलं तर गायधनी निर्देशांकच नाही.

"अहो, तेरावा कॉलम कुठे गेला?" मी विचारलं.

"तेरावा?" कारकुनाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्याकडे उसनं मागितलंय. "मॅडम, तुमच्याकडून पहिल्यापासून बाराच येतात."

इतकी वर्षं सर रात्रीचा दिवस करून तो आकडा काढत होते, आणि तो कधी कोणी पाहिलाच नव्हता. मी ऑफिसात परत आले. सरांनी उत्सुकतेने विचारलं, "निर्देशांकाबद्दल काही बोलले का?" मी म्हटलं, "अजून अभ्यास चाललाय." सर खूश होऊन चहा सांगायला गेले.

* * *

मग ते वर्ष आलं. सरांना वाटलं की निवृत्तीच्या आधी, म्हणजे दुसऱ्या निवृत्तीच्या आधी, एकदा प्रत्यक्ष गावं पाहावीत. जीप ठरली. सर, भोये, मी आणि ड्रायव्हर. मे महिना. घाट चढताना जीप तापली आणि करंजपाड्यात भोयेच्या दारातच वाफा सोडत उभी राहिली. ड्रायव्हरने घरातले दोन्ही हंडे उचलले आणि कोणाला न विचारता रेडिएटरमध्ये रिकामे केले.

सर ओट्यावर टेकले. "जरा पाणी द्या," म्हणाले.

यशोदाबाईंनी मान डोलावली, हंडा उचलला आणि बाहेर पडल्या. सरांना वाटलं, मागच्या बाजूला माठ असेल. पंधरा मिनिटं गेली. सरांनी घड्याळ पाहिलं. अर्धा तास झाला. सर सभ्य माणूस, पुन्हा मागणं बरं दिसेना. तासाभराने मात्र राहवलं नाही.

"भोये, तुमच्या मंडळी कुठे गेल्या हो?"

"तुमच्यासाठी पाणी आणाया, सर. घरातलं गाडीनं पिलं ना."

 मी भोयेकडे पाहायचं टाळत होते, कारण इतकी वर्षं तो कॉलम स्वतःच्या हाताने काढणारी मीच होते. शेवटी यशोदाबाई चढ चढून आल्या, पदराने तांब्या पुसला आणि सरांपुढे धरला. सरांनी आधी मनगटावर पाहिलं, मग पाणी प्यायले. तांब्यात तळाला थोडं उरलं होतं. एरवी सर उरलेलं पाणी अंगणात भिरकावतात. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी परत दिला.

परतीच्या वाटेवर पंचवटीत सरांच्या घरापाशी थांबलो, जिथून नदी शंभर पावलांवर आहे. सर उतरले, दार लावलं आणि काचेतून मला म्हणाले, "उद्या शेहेचाळीस नंबर घ्या."

"सर, तेरा भरलेत. काढू कुठला?"

"माझा काढा," सर म्हणाले आणि वळून निघून गेले.

* * *

आता शेवटचा. हा सांगायची पाळी नेहमी माझ्यावर येते, कारण चूक माझी होती.

सर, हा परिच्छेदही सोडा; चहाच्या वेळी मी तो गाळूनच सांगते. सरांनी त्यांची जागा दिली, पण ती जागा तेरावी. तिथे पाणी ठेवलं की झेरॉक्सने कापलंच म्हणून समजा. हे सरांना सांगावं तर निर्देशांकाचं बिंग फुटणार. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी पाण्याचा कॉलम उचलून अगदी डावीकडे, सगळ्यांच्या आधी नेऊन ठेवला. आधी मिनिटं, मग गावाचं नाव, मग बाकीचे. तेराव्या जागी सरकवली दुकानांची संख्या. ती कापली गेली तर कोणी रडणार नव्हतं.

टेबल गेलं. दोन महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं. सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. खैरनारने मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच थांबला.

"मौजे एकशेदहा, तालुका पेठ, येथे विहीर मंजूर करण्यात येत आहे."

वरच्या ऑफिसचे कारकून दहा वर्षं पहिल्या कॉलममधून गावाचं नाव उतरवत आले होते. त्यांनी या वर्षीही तेच केलं. आकडा सगळ्यांत मोठा म्हणून विहीर मिळाली, आणि पहिल्या जागी होता म्हणून त्याचंच गाव झालं.

मी ताबडतोब फोन लावला. कारकून शांतपणे म्हणाले, "नाव बदलायचं तर नवा प्रस्ताव लागेल. नवा प्रस्ताव म्हणजे नवं वर्ष. आणि मॅडम, पुढच्या वर्षीपासून ही योजना राहील की नाही, सांगता येत नाही."

मी रडायच्या बेतात होते. सर भिंतीकडे पाहत उभे होते. भोयेने पत्र हातात घेतलं, सावकाश दोनदा वाचलं आणि विचारलं, "कागद बदलत नाय ना?"

"नाही."

"मंग गावच बदलू."

आठ दिवसांत पाड्यावर सभा भरली. म्हातारी माणसं म्हणाली, बापजाद्यांचं नाव टाकून हे कसलं नाव, एकशेदहा म्हणजे काय? कोणी उत्तर द्यायच्या आधी मागे बसलेल्या बायकांतून यशोदाबाई उठल्या. "आमाला ठावं हाय ते काय," म्हणाल्या. ठराव तिथेच पास झाला. पाहणी करायला साहेब आले तेव्हा वाटेवर पाटी होती, शाळेवर पाटी होती, आणि भोयेच्या भावाने उत्साहात बैलगाडीवरही रंगवलं होतं. साहेबांनी पत्र पाहिलं, पाटी पाहिली आणि सही केली. पुढच्या पावसाळ्याआधी विहिरीला पाणी लागलं.

आता या महिन्यातली गोष्ट. पहिला रविवार, चौघं माझ्याकडे जमलेले, भोये गावाकडून नागली, म्हणजे नाचणी, घेऊन आलेला. तेवढ्यात पुण्याहून एका मुलीचा फोन आला. आमची जुनी टेबलं आता तिच्या कंपनीकडे गेली आहेत, गावांची नवी यादीही तीच लावते. बोलणं भराभर, कामात हुशार.

"मॅडम, पेठच्या टेबलात एक छोटी चूक सापडली. गावाच्या नावाच्या कॉलममध्ये सगळी नावं आहेत, फक्त एका ठिकाणी कोणीतरी आकडा टाकलाय. एकशेदहा. असं गाव कसं असेल? एंट्री करणाऱ्याचा घोळ दिसतोय. ती अख्खी ओळच काढून टाकते, चालेल ना?"

मी फोन भोयेच्या हातात दिला.

भोयेने बशी खाली ठेवली, हात धोतराला पुसला आणि फोन कानाला लावला.

"हॅलो, मी एकशेदहाचा भोये बोलतोय. बोला ताई."